कुत्र्याच्या कातडीचें हट्टी दुखणें

नगरच्या बाजूला घरचें कुत्रें अंग खाजवूं लागलें कीं वडीलधाऱ्या मंडळींजवळ निदान तयारच असतें : "त्याला उष्णता झाली आहे." मग त्याच्या पुढ्यांत ताक येतें, अंगावर कडुनिंबाच्या पाल्याचें पाणी पडतें, आणि आठ दिवसांत खाज कमी झाली नाहीं म्हणजे दुसरें निदान निघतें : "रक्त बिघडलें." या दोन्ही निदानांत एक मोठी सोय आहे. तीं कधींच खोटीं ठरत नाहींत, कारण तीं पडताळून पाहण्याची कोणतीहि रीत नाहीं. अडचण एवढीच कीं, पडताळा नाहीं म्हणून उपायहि नाहीं, आणि दरम्यान कुत्र्याच्या पाठीवरचे केस मात्र जात राहतात.

विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. ज्या जिल्ह्यांत अर्ध्याअधिक तालुक्यांना पावसाचा भरंवसा नाहीं, जेथें जनावरांच्या दवाखान्यांत दुभत्या गाईंची रांग कधीं तुटत नाहीं, तेथें कुत्र्याच्या खाजेचें कौतुक कोणी करावें? परंतु ज्या घरीं कुत्रें पाळलेलें आहे त्या घराला असा प्रश्न विचारून मोकळें होतां येत नाहीं. कातडीचें जुनाट दुखणें कुत्र्याला सहसा मारीत नाहीं. तें त्याला घराबाहेर काढतें. प्रथम खोलींतून ओसरीवर, ओसरीवरून अंगणांत, अंगणांतून फाटकापलीकडे, असा तो प्रवास असतो. अंगाला वास येऊं लागतो, सतरंजीवर खपल्या पडतात, लहान मुलाच्या दंडावर पुरळ दिसतो, आणि एके दिवशीं त्याला गाडींत घालून मनमाडच्या किंवा पुण्याच्या रस्त्यावर एखाद्या ढाब्यापाशीं सोडून येण्याची गोष्ट निघते. उपासमारीनें हाल होतील अशा रीतीनें जनावर टाकून देणें हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या ११व्या कलमाप्रमाणें गुन्हा आहे. पण ढाब्यापाशीं कायद्याला साक्षीदार मिळत नाहीं. केस झडलेलें, लाल कातडीचें कुत्रें दिसलें कीं तें पिसाळलेलें आहे असें समजून दगड उचलणारे मात्र मिळतात. खंडोबाच्या पायाशीं आणि दत्तात्रेयाच्या भोंवतीं कुत्रीं पाहून हात जोडणारा हा प्रदेश आहे. पण तसबिरींतल्या त्या कुत्र्यांना कधीं खरूज झालेली नसते.

समजा, नगरच्या सावेडी उपनगरांत एक कुटुंब आहे आणि त्यांच्याकडे दोन वर्षांचा मोत्या आहे. (जिल्ह्याचें व शहराचें नांव २०२४ सालापासून अहिल्यानगर झालें, बोलतांना 'नगर' म्हणण्याची संवय अजून मोडलेली नाहीं.) गणपति उठल्यावर मोत्या अंग खाजवूं लागला. आजी म्हणाल्या, "अरे, त्याला ताक पाजा, उष्णता झालीय त्याला." घरच्या कर्त्या पुरुषानें औषधाच्या दुकानांतून गजकर्णाचें मलम आणलें, चार दिवस बरें वाटलें आणि मग खाज दुप्पट झाली. शेजारच्या काकांनीं म्हशीला देतात तें इंजेक्शन सुचविलें. गॅरेजमधल्या ओळखीच्या मिस्त्रीनें गाडीचें जळकें ऑइल डब्यांत भरून दिलें आणि वर हमी दिली, "साहेब, आमच्या गल्लींतलीं सगळीं कुत्रीं यानेंच बरीं झालीं." दिवाळीपर्यंत सहा उपाय झाले. मोत्याचीं कोपरें उघडीं पडलीं, कानांच्या कडा जाड झाल्या, आणि मूळ दुखणें कोणतें होतें हें सांगणें आतां पहिल्या दिवसापेक्षां पुष्कळ कठीण झालें. त्यावर मलमाचा, ऑइलचा आणि खुद्द मोत्याच्या नखांचा असे तीन थर चढले आहेत. हें कुटुंब कल्पित आहे. त्यांचे उपाय कल्पित नाहींत.

या दुखण्याचें निदान इतकें अवघड कां व्हावें? कारण कातडीजवळ तक्रार करण्याचे प्रकार फार थोडे आहेत. ती लाल होते, तिला खाज सुटते, तिच्यावरचे केस जातात, कोंडा धरतो, खपल्या पडतात, आणि फार दिवस झाले म्हणजे ती काळी व जाड होते. एवढ्या पांचसहा लक्षणांत तिला डझनभर निरनिराळीं दुखणीं सांगावयाचीं असतात. खरजेचा किडा, केसांच्या मुळांतला किडा, पिसवा, बुरशी, पू करणारे जंतु, अन्नाचें वावडें, हवेंतील परागांचें वावडें, ग्रंथींचे विकार, या सर्वांचें चित्र दुरून सारखेंच दिसतें. त्यांतून कुत्रें खाजवतें, चावतें, चाटतें. ओल्या झालेल्या जागीं जंतु वाढतात. आणि डोळ्यांना दिसतात तीं बहुतेक या दुसऱ्या दुखण्याचीं चिन्हें असतात. तेव्हां नुसतें पाहून औषध सांगणारा मनुष्य, मग तो मिस्त्री असो कीं पदवीधर असो, अंदाजच करीत असतो.

या बाबतींत माणसांच्या वैद्यकाचा इतिहास पाहण्यासारखा आहे. १६८७ सालीं इटलींत जोवान्नी बोनोमो नांवाच्या वैद्यानें आणि च्येस्तोनी नांवाच्या औषधविक्यानें खरजेच्या फोडांतील द्रव सूक्ष्मदर्शक यंत्राखाली धरला. त्यांत त्यांना एक चालणारा जीव दिसला. त्यांनीं फ्रान्चेस्को रेदी या विद्वानाला पत्र लिहून तो प्रसिद्धहि केला. परंतु शरीरांतील रस बिघडल्यामुळें खरूज होते असें मानणाऱ्या वैद्यांनीं या शोधाकडे पाठ फिरविली. पुढें दीडशें वर्षें लोटल्यावर, १८३४ सालीं, कॉर्सिका बेटांतून पॅरिसला आलेल्या रेनूची नांवाच्या विद्यार्थ्यानें तेथील सेंट लुई रुग्णालयांत रोग्याच्या हातांतून सुईच्या टोंकानें तो किडा काढून सर्वांपुढें ठेवला, आणि वाद संपला. ही युक्ति तो आपल्या बेटावरील गरीब बायकांकडून शिकला होता. त्या आपल्या मुलांच्या हातांतले किडे असेच सुईनें काढीत. म्हणजे पॅरिसच्या आचार्यांना जें दिसत नव्हतें तें कॉर्सिकांतल्या आयांना दिसत होतें, कारण आया जागेकडे पाहत होत्या आणि आचार्य सिद्धांताकडे. आपल्याकडची "उष्णता" ही त्या जुन्या सिद्धांताचीच धाकटी बहीण होय.

कुत्र्याच्या खरजेचा किडा माणसाच्या किड्याचा जवळचा नातेवाईक आहे. त्याची मादी कातडीच्या वरच्या थरांत बोगदा खणते आणि त्यांत अंडीं घालते. खाज भयंकर असते. कुत्रें रात्रभर झोपत नाहीं. कानांच्या कडा, कोपरें, घोटे आणि पोटाखालची जागा हीं त्याचीं आवडतीं ठिकाणें. एक साधी परीक्षा घरींहि करून पाहतां येते. कानाच्या पाळीची कड दोन बोटांत धरून पाळीवरच चोळली असतां कुत्र्याचा मागचा पाय आपोआप खाजविण्याच्या आविर्भावांत हलूं लागला, तर संशय बळावतो. संशयच, खात्री नव्हे. खात्री करावयाची तर पशुवैद्य बोथट पात्यानें कातडी खरवडून ती खरवड सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. आणि येथेंच हें दुखणें आपला हट्ट दाखवितें. अंगावर किडे थोडे असले तरी खाज मोठी असते, म्हणून पांचसहा ठिकाणीं खरवडूनहि किडा हातीं लागत नाहीं असें वारंवार घडतें. तेव्हां "तपासणींत कांहीं निघालें नाहीं, म्हणजे खरूज नाहीं" असें म्हणणें चूक ठरतें. अशा वेळीं जाणता पशुवैद्य खरजेचें औषध पूर्ण मुदत देऊन पाहतो. खाज थांबली तर तेंच निदान. हाहि एक अंदाजच आहे, परंतु तो जाणून केलेला, मुदत घातलेला आणि एका वेळीं एकच गोष्ट पाहणारा अंदाज आहे. मोत्याच्या सहा उपायांशीं त्याचें साम्य नाहीं.

घरांतील मुलाच्या दंडावरचा पुरळ या ठिकाणीं निदानाला मदत करतो. कुत्र्याच्या खरजेचा किडा माणसाच्या अंगावर येतो, चावतो, खाज आणतो. परंतु माणसाच्या कातडींत त्याचा वंश वाढत नाहीं, म्हणून कुत्रें बरें झालें कीं हा पुरळहि बहुधा आपोआप जातो. त्यासाठीं कुत्र्याला देशोधडीला लावण्याचें कारण नाहीं. मुलाला डॉक्टरांकडे न्यावें आणि घरांत कुत्रें आहे हें त्यांना आवर्जून सांगावें. उलट पशुवैद्याला मुलाच्या दंडाविषयीं सांगावें. ही साधी माहिती दोन दवाखान्यांच्या मध्यें पुष्कळदां हरवते.

दुसरा किडा याच्या अगदीं उलट स्वभावाचा आहे. तो लांबट, चिरुटाच्या आकाराचा असून केसांच्या मुळांशीं राहतो. जवळजवळ प्रत्येक निरोगी कुत्र्याच्या अंगावर तो थोडा असतोच. जन्मल्यानंतरच्या पहिल्या दोनतीन दिवसांत आईच्या अंगाला बिलगून दूध पितांना तो पिलाकडे येतो. तो एका मोठ्या कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जात नाहीं, माणसाला तर मुळींच लागत नाहीं. कुत्र्याच्या अंगची प्रतिकारशक्ति ठीक आहे तोंवर तो निमूट राहतो. ती ढासळली कीं त्याची प्रजा अफाट वाढते. लहान पिलाच्या डोळ्याभोंवतीं किंवा ओठांपाशीं एखाददुसरा केसगळीचा चट्टा पडतो तो बहुतेक वेळां औषधावांचून भरून येतो. पण मोठ्या वयांत सर्वांगाला हें दुखणें झालें तर प्रश्न किड्याचा उरत नाहीं. त्याला मोकळें रान कोणी दिलें, हा प्रश्न असतो. एखादा ग्रंथीचा विकार, एखादा आंतला रोग, किंवा फार दिवस दिलेलें एखादें औषध यांचा तेथें शोध घ्यावा लागतो. याची तपासणीहि निराळी : कातडी चिमटींत दाबून, किंचित् रक्त दिसेपर्यंत खोल खरवडावी लागते. वरवर खरवडून हा किडा सांपडत नाहीं. मालकाला तें रक्त पाहवत नाहीं आणि तो कुत्र्याला घेऊन उठतो. पण त्या रक्ताच्या थेंबापाशींच पुष्कळदां चार महिन्यांचा घोळ संपत असतो.

"फार दिवस दिलेलें औषध" असें वर म्हटलें तें मुख्यतः स्टिरॉइड या जातीच्या औषधांबद्दल. तीं वाईट औषधें नव्हेत; योग्य हातीं तीं मोठीं उपकारक आहेत. परंतु तीं खाज थांबवितात, कोणत्याहि कारणाची खाज थांबवितात, आणि यांतच त्यांचा धोका आहे. खरजेच्या कुत्र्याला इंजेक्शन दिलें, तो दोन रात्रीं गाढ झोंपला, मालक खूष झाला. किडे मात्र खालीं निर्वेध वाढत राहिले. केसांच्या मुळांतल्या किड्याला तर हें औषध म्हणजे आमंत्रणच. बुरशीचा चट्टा त्यानें फिका पडतो आणि पसरतो. मोत्याला लावलेल्या गजकर्णाच्या मलमाची कथा हीच असण्याचा संभव आहे, कारण बुरशीचें औषध, जंतूंचें औषध आणि जहाल स्टिरॉइड अशीं तिन्हीं एकत्र कालविलेलीं मलमें आपल्या देशांत वर्षानुवर्षें पानाच्या दुकानांतून पान घ्यावें तशीं घेतलीं जात. माणसांत त्यामुळें गजकर्ण चिवट होऊं लागला म्हणून २०१८ सालीं केंद्र सरकारनें अशा अनेक मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीचें बंधन घातलें. कुत्र्याच्या बाबतींत आणखी एक भर अशी कीं, तो मलम चाटतो. म्हणजे कातडीला लावलेलें औषध थोड्याच वेळांत पोटांत असतें. मात्र महिनोनमहिने स्टिरॉइडच्या गोळ्या चालल्या असतील तर भीतीनें त्या एका दिवसांत बंद करूं नयेत. शरीराला त्यांची संवय झालेली असते. पशुवैद्याच्या सांगण्याप्रमाणें मात्रा हळूहळू उतरवावी लागते.

म्हशीच्या इंजेक्शनाची गोष्ट अधिक गंभीर आहे. त्या औषधाचें नांव आयव्हरमेक्टिन. जपानांत कावाना येथील गोल्फच्या मैदानाजवळच्या मातींतून सातोशी ओमुरा यांनीं एक सूक्ष्मजीव मिळविला, अमेरिकेंत विल्यम कॅम्पबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्यांतील द्रव्य ओळखलें, आणि १९८१ सालीं तें जनावरांसाठीं बाजारांत आलें. माणसांना अंध करणाऱ्या एका कृमिरोगावर त्याचा जो उपयोग झाला त्याबद्दल या दोघांना २०१५ चें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. इतकें गुणी औषध. परंतु गाईम्हशींसाठीं तें ज्या तीव्रतेचें करतात तें वीस किलोच्या कुत्र्याला अंदाजानें टोंचणें म्हणजे जुगार होय. कोली जातीच्या व तिच्या रक्ताच्या कुत्र्यांत तर एक आनुवंशिक दोष असतो. तो २००१ सालीं नेमका ओळखला गेला. त्या दोषामुळें हें औषध मेंदूंत शिरतें, कुत्रें झिंगल्यासारखें चालतें, आंधळें होतें, बेशुद्ध पडतें. रस्त्यावरून आणलेल्या मिश्र जातीच्या कुत्र्याच्या अंगांत कोणाचें रक्त आहे हें कोण सांगणार? २०१३-१४ पासून पिसवा, गोचिडी व हे दोन्ही किडे यांवर चालणाऱ्या नव्या जातीच्या गोळ्या जगांत आल्या आहेत आणि त्यांनीं हें काम पुष्कळ सोपें केलें आहे. फिट येणाऱ्या कुत्र्याला मात्र त्याहि जपून द्याव्या लागतात. जळकें ऑइल, रॉकेल आणि फिनेल यांविषयीं बोलण्यासारखें थोडें आहे : तीं कातडी भाजतात, आणि चाटल्यावर यकृताला बाधतात. गल्लींतलीं कुत्रीं त्यानें बरीं झालीं असें मिस्त्री म्हणतो, कारण जीं बरीं झालीं नाहींत तीं पुन्हा गॅरेजपाशीं आलीं नाहींत. घरगुती उपायांत एका गंधकाचा मान मात्र राखला पाहिजे. चुना व गंधक यांचें विधियुक्त केलेलें द्रावण आजहि पशुवैद्यकाच्या ग्रंथांत खरजेवर आणि बुरशीवर सांगितलेलें आहे. वास दुर्गंधी असतो, एवढेंच.

पिसवांचा प्रश्न पुष्कळ घरांत अपमानासारखा घेतला जातो. "आमच्याकडे पिसवा नाहींत हो!" असें गृहिणी ठासून सांगतात आणि तें त्यांच्या दृष्टीनें खरेंहि असतें. कुत्रें स्वतःच पिसवा चावून गिळून टाकतें, म्हणून त्या दिसत नाहींत; आणि ज्याला पिसवेच्या लाळेचें वावडें आहे त्याला एकदोन चावे दिवसेंदिवस खाजवावयास पुरतात. खुणेची जागा म्हणजे शेंपटीच्या मुळाशीं पाठीचा मागचा भाग. बारीक फणीनें तेथले केस विंचरावे आणि फणींतली काळी कणी ओल्या पांढऱ्या कागदावर झटकावी. ती माती असेल तर काळीच राहील. पिसवेची विष्ठा असेल तर तिच्याभोंवतीं तांबूस डाग पसरेल, कारण ती पचलेल्या रक्ताची असते. या परीक्षेला खर्च नाहीं, आणि हिच्या अभावीं कैक कुत्र्यांना महागडीं औषधें दिलीं जातात. पिसवा ठरल्या म्हणजे केवळ कुत्र्याला औषध घालून भागत नाहीं. अंडीं, अळ्या आणि कोश कुत्र्याच्या अंगावर नसून गोणपाटाखालीं, सोफ्याच्या खांचेंत आणि ओसरीवरच्या फटींत असतात. गोणपाट जाळावें, अंथरूण उकळत्या पाण्यांत धुवावें, फटी झाडाव्या, आणि घरांतील मांजर विसरूं नये.

गजकर्णाविषयीं थोडें. तो नेहमीं गोल असतो हा समज खोटा. कुत्र्यांत त्याला खाजहि पुष्कळदां नसते. निळसर-जांभळ्या किरणांच्या दिव्याखालीं त्याची एक जात हिरवट चकाकते, बाकीच्या चकाकत नाहींत, म्हणून केस प्रयोगशाळेंत पाठवून बुरशी वाढवून पाहावी लागते आणि त्यास दोनतीन आठवडे जातात. आंबूस वास, तेलकट अंग आणि हत्तीसारखी जाड काळी कातडी दिसली तर यीस्ट जातीच्या बुरशीचा संशय घ्यावा. काचेवर चिकटपट्टीनें घेतलेला ठसा पांच मिनिटांत उत्तर देतो. खाज नसून दोन्ही कुशींवर सारखेच केस गेले असतील, कुत्रें सुस्त व स्थूल झालें असेल, तर थायरॉईड ग्रंथीसाठीं रक्त तपासावें.

खरजेचा संशय असतां कुत्र्याला वेगळें ठेवा असें सर्व पुस्तकें सांगतात. परंतु वेगळें म्हणजे कोठें, हा प्रश्न नगर जिल्ह्याच्या उत्तर भागांत पुस्तकांना ठाऊक नसलेला आहे. अकोले परिसरांत विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांच्या आहाराचा अभ्यास केला. भक्ष्याच्या वजनाच्या हिशोबानें त्यांत पाळीव व भटक्या कुत्र्यांचा वांटा ३९ टक्के निघाला. शेळीचा त्याहून पुष्कळ कमी. अकोले, संगमनेरच्या उसाच्या पट्ट्यांत आजारी कुत्र्याला रात्रीं अंगणांत सांखळीनें बांधून ठेवणें म्हणजे त्याला वाढून ठेवणें होय. तेथें 'वेगळें' याचा अर्थ घरांतलीच एक बंद खोली किंवा मजबूत दाराची पडवी असाच घेतला पाहिजे.

किडे नाहींत, पिसवा नाहींत, बुरशी नाहीं, जंतूंचें औषध संपतांच खाज परत येते. अशा ठिकाणीं खरा संयम लागतो. आतां वावड्याचा विचार. अन्नाचें वावडें रक्ताच्या तपासणीनें कळतें असें जाहिरातींत असतें. तिच्यावर विसंबतां येत नाहीं. रीत एकच आहे आणि ती फार जुनी आहे : आठ आठवडे कुत्र्याला असें अन्न द्यावयाचें कीं ज्यांतील मांस किंवा डाळ त्यानें पूर्वीं कधीं खाल्लेली नाहीं. ज्याला रोज कोंबडी व दूधभाकरी मिळते त्याला, उदाहरणार्थ, भात आणि त्यानें कधीं न खाल्लेला मासा. आहार पशुवैद्याशीं बोलून ठरवावा, विशेषतः पिलांच्या बाबतींत. आठ आठवडे म्हणजे आठ आठवडे. मोत्याच्या घरीं ही गोष्ट सर्वांत अवघड जाईल. आजी चहांतलें बिस्किट टाकतील, धाकटा मुलगा दुधाची साय चाटवील, शेजारचे काका हाड फेंकतील. आणि जंताची किंवा गोचिडांची गोळी मांसाच्या स्वादाची असेल तर तीहि प्रयोग मोडील. घरांतील प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या बाईंनासुद्धां, हें समजावून सांगावें लागतें. खाज उतरली तर जुनें अन्न पुन्हा सुरू करून पाहावयाचें. ती परत आली तरच निदान पक्कें. बऱ्या झालेल्या कुत्र्याला जाणूनबुजून पुन्हा खाजविणें मालकांना क्रूरपणाचें वाटतें. पण त्याखेरीज तें निव्वळ योगायोगानें बरें झालें नाहीं हें कशानें कळावें?

अन्नानेंहि फरक पडला नाहीं, आणि दुखणें सहा महिने ते तीन वर्षें या वयांत सुरू झालेलें असून कुत्रें पंजे चाटतें, तोंड घासतें, कान वारंवार दुखतात, तर हवेंतील पराग, धूळ आणि घरांतील धुळींतले सूक्ष्म जीव यांचें वावडें उरतें. येथें पंचांग उपयोगी पडतें. नगर पर्जन्यछायेंतलें, पावसाचा जोर बहुधा भाद्रपदांत, आणि त्या पावसावर पडीक जागेंत गाजरगवत कमरेइतकें वाढतें. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यांत नोंद झालेलें हें परदेशी तण पुढें देशभर पसरलें, आणि त्यानें पुष्कळ माणसांच्या कातडीला छळलें. गणपतीनंतर सुरू झालेली मोत्याची खाज त्याच्यामुळें असेल, किंवा त्याच ओल्या दिवसांत वाढलेल्या पिसवांमुळें असेल. एका वर्षाच्या खाजेवरून दोहोंत निवड करतां येणार नाहीं. म्हणून एक वही करावी : कोणत्या तारखेला खाज वाढली, अंगाच्या कोणत्या भागाला, त्या आठवड्यांत काय खाल्लें, कोणतें औषध दिलें. पशुवैद्याला अशी दोन पानांची वही पंधरा मिनिटांच्या तोंडी हकीकतीपेक्षां अधिक सांगते. या वावड्याला कायमचा इलाज नाहीं. २०१३ सालीं अमेरिकेंत मान्य झालेल्या ओक्लासिटिनिबसारख्या गोळ्या, ज्याचें वावडें त्याच द्रव्याच्या वाढत्या मात्रेच्या सुया, पंजे धुणें, कातडीला तेल देणारें स्नान, यांनीं तें आटोक्यांत राहतें. ज्या मालकाला पहिल्याच दिवशीं हें स्पष्ट सांगितलें जातें तो दर महिन्याला डॉक्टर बदलीत नाहीं.

तालुक्याच्या दवाखान्यांत पशुवैद्याचा दिवस गाईम्हशींत जातो, म्हणून भेटीची वेळ आधीं विचारावी आणि "कातडी खरवडून पाहाल का?" असें आदरपूर्वक पण स्पष्ट म्हणावें. तेवढ्यानें भागलें नाहीं तर नगरकरांना शिरवळचें पशुवैद्यकीय महाविद्यालय फार दूर नाहीं. तें १९८८ सालीं निघालें. १८८६ सालीं सुरू झालेलें परळचें महाविद्यालय आणि त्याच्या शेजारचें, मुंबईकरांच्या तोंडीं 'बैलघोडा' म्हणून असलेलें इस्पितळ तर सर्वांच्या ओळखीचें आहे. जातांना जुन्या चिठ्ठ्या, औषधांच्या रिकाम्या डब्या आणि ती वही बरोबर न्यावी. आदल्या दिवशीं कुत्र्याला न्हाऊं घालूं नये, नाहींतर जें दाखवावयाचें तेंच धुवून जातें.

उपचार कोठें थांबवावा याविषयीं शेवटीं. खाज थांबली म्हणजे औषध थांबवावें हा सार्वत्रिक प्रघात आहे, आणि तोच दुखणें परत आणतो. केसांच्या मुळांतल्या किड्याच्या बाबतींत महिन्याच्या अंतरानें केलेल्या दोन लागोपाठ तपासण्यांत एकहि किडा मिळूं नये, आणि त्यानंतरहि आणखी एक महिना औषध चालावें, असा नियम आहे. अंग केसांनीं भरलें तरी तो पाळावयाचा. खरजेंत घरांतील सर्व कुत्र्यांना एकाच वेळीं औषध द्यावें लागतें, न खाजविणाऱ्यांनासुद्धां. जंतूंच्या औषधाची मुदत चट्टे गेल्यावर संपते कीं त्यापुढें चालते, हें तपासूनच ठरवावें. केस परत येण्यास दोनतीन महिने लागतात. कातडीचा काळेपणा त्याच्याहि मागून जातो, आणि कांहीं ठिकाणीं तो थोडासा राहूनच जातो.